दुनळीचा पल्ला

दुनळी बंदुकीबद्दल मराठीत जे बोललं आणि लिहिलं जातं, त्यात बंदूक सोडून बाकी सगळं असतं. मालकाचा रुबाब असतो, वाड्याची भिंत असते, आजोबांच्या मिशा असतात, पायाशी पडलेलं काळवीट असतं. बंदूक मात्र ‘एक दुनळी’ एवढ्यावर संपते. ती कुठली, किती वजनाची, कोणतं काडतूस खाणारी, कुणाच्या खांद्याला बसणारी आणि किती लांबवर कामाची, हे कुणी सांगत नाही. मोटारसायकलबद्दल कुणी इतकं मोघम लिहिलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात दुनळी हा काही परका विषय नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठेही जुन्या घराचा विषय निघाला की ‘त्यांच्याकडं दुनळी होती’ हे वाक्य येतंच. या वाक्यात कौतुक असतं, थोडी भीती असते, माहिती नसते. म्हणून या लेखात दुनळीची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच. आणि तिच्याबरोबर, तिच्याभोवती रचलेल्या शिकारकथांचीही. दोघींना एकच कसोटी लावता येते, असं मला वाटतं. ती कसोटी म्हणजे पल्ला. आपला आवाका किती आहे, हे जिला ठाऊक आहे आणि जी ते लपवत नाही, ती चांगली.

भिंतीवरची बंदूक

नाटकाच्या पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर पुढे ती उडालीच पाहिजे, असा चेखॉव्हचा दंडक सांगतात. मराठवाड्यातल्या बैठकीतली दुनळी हा दंडक मोडते. ती न उडताच आपलं काम करते. कुळाला दिसते, सोयऱ्याला दिसते, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला दिसते. तिचा खरा उपयोग दिसण्यात असतो.

यामागे इतिहास आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं. त्याआधीच्या रझाकारी काळात गावात हत्यार कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न शोभेचा नव्हता, जिवाचा होता. रझाकारांकडेही पुष्कळशा बंदुका ठासणीच्याच होत्या. अशा वेळी मागून भरायची, दोन बार लागोपाठ काढणारी दुनळी गावात असणं आणि नसणं यात फार अंतर होतं. त्या पिढीने बंदुकीकडे आदराने पाहिलं, यात नवल नाही.

पण आदर पुढच्या पिढीकडे आला तेव्हा त्यातला धोका गळून पडला आणि नुसता दिमाख उरला. आता दुनळी स्टेटसला दिसते, रीलमध्ये दिसते, वरातीत हवेत बार काढताना दिसते. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने असा बेदरकार बार काढणं हा वेगळा गुन्हा ठरवला. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याला हे वेगळं लिहावं लागलं, यातच सगळं आलं. हवेत उडवलेल्या बाराला नेम नसतो आणि पल्लाही नसतो. वस्तूचा अर्थच काढून टाकला की उरतो तो आवाज.

नाव आणि माल

भिंतीसाठी बंदूक निवडली की दोनच गोष्टी पाहिल्या जातात: नाव आणि नक्षी. दोन्ही फसवतात.

आधी नाव. जुन्या दुनळ्यांवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या कंपन्यांची नावं असतात, तर काहींवर ‘आर्मी अँड नेव्ही’. मुंबईच्या काळा घोडा भागात आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग उभी आहे. साहेबलोकांना टोपीपासून तंबूपर्यंत सगळं विकणारं ते दुकान होतं, आणि ते बंदुकाही विकत असे. या दुकानांच्या नावाने विकल्या गेलेल्या कितीतरी बंदुका प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या होत्या. म्हणजे नळीवर कोरलेलं नाव लेखकाचं असेलच असं नाही, ते प्रकाशकाचंही असू शकतं. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड हे लंडनचे कारागीर. त्यांचं नाव म्हणजे लेखकाची सही. बाकीच्या ठिकाणी नावापलीकडे वाचावं लागतं.

मग नक्षी. पानंफुलं, शिकारी कुत्रे, उडते तित्तर. सुंदर असतात. पण नक्षीच्या आतली कळ महत्त्वाची. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली या दोघांनी बॉक्सलॉक नावाची रचना आणली. बाहेरचे घोडे गेले, भाग कमी झाले, बिघाड कमी झाला. साइडलॉक ही दुसरी रचना. तिच्यात कळ बाजूच्या पट्टीवर बसवलेली असते, ती देखणी आणि महाग. बॉक्सलॉक म्हणजे हलकी आणि साइडलॉक म्हणजे भारी, असं सरसकट म्हणता येत नाही. स्वस्त साइडलॉकपेक्षा नीट घडवलेली साधी बॉक्सलॉक कधीही बरी. वृत्तात लिहिलं म्हणून कविता चांगली ठरत नाही, तसंच हे.

खरी माहिती असते ती नळ्यांच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी पाहत नाही. बंदूक उघडून नळ्या वेगळ्या केल्या की तिथे बारीक शिक्के दिसतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते आणि मगच शिक्का बसतो. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. नळी काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की आजच्या बिनधुराच्या दारूसाठी, हे त्या शिक्क्यांवरून कळतं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांवर पाण्यावरच्या लाटांसारखी सुरेख नक्षी दिसते. अशी नळी पाहून मोह होतो. पण तिच्यावर बिनधुराच्या दारूचा शिक्का नसेल तर तिच्यात आजचं काडतूस घालू नये.

जाणकार माणूस नळ्या अधांतरी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारतो. दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीचं डाखकाम शाबूत असेल तर घंटेसारखा नाद येतो, सुटलेलं असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहायची. पोचा असेल तर आतल्या प्रकाशाच्या कड्या वाकड्या दिसतात. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नसतं.

दोन नळ्या, दोन अंतरं

‘बारा बोअर’ हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याचा अर्थ असा: एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढी ही नळी आतून रुंद. म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. या नळीतून रायफलीसारखी एकच गोळी जात नाही, छर्ऱ्यांचा थवा जातो. ३० ग्रॅमच्या काडतुसात सहा नंबरचे छर्रे असतील तर ते पावणेतीनशेच्या आसपास भरतात. बाहेर पडल्यावर ते पसरत जातात. इथेच दुनळीची गंमत आहे आणि तिची मर्यादाही.

नळीच्या तोंडाशी किंचित आवळ दिलेला असतो, त्याला चोक म्हणतात. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात, यावर चोक मोजतात. आवळ नसलेल्या नळीतून सुमारे ४० टक्के, अर्ध्या चोकमधून ६०, पूर्ण चोकमधून ७०. जुन्या आडव्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते, आणि चापही दोन असतात. पक्षी जवळून उडाला तर पुढचा चाप, लांब गेला तर मागचा. दोन नळ्या म्हणजे दोन संधी, असं आपण समजतो. खरं तर दोन नळ्या म्हणजे दोन अंतरं. चाप ओढण्याआधी अंतराचा निवाडा करायला लावणारं हे यंत्र आहे.

आणि तो निवाडा ४० यार्डांच्या आसपास संपतो. पुढे छर्ऱ्यांमध्ये इतकी मोकळी जागा पडते की जनावर त्यातून निसटतं, किंवा त्याहून वाईट, एखाद-दुसरा छर्रा घेऊन पळतं.

निवडीची पुढची पायरी म्हणजे अंगकाठी. दस्त्याची लांबी, त्याचा उतार, त्याची बाजूची कलती हे शर्टाच्या मापासारखं असतं. रायफलीला नेम धरायची सोय असते. दुनळीला पुढे एक माशी असते, बस. गालाला दस्ता टेकला की नजर आपोआप नळीच्या रेषेत आली पाहिजे. साहेबाच्या उंचीला बेतलेली बंदूक आपल्या पाच फूट चार इंची काकांच्या हातात आली की बार वर किंवा बाजूला जातो, आणि दोष नेमाला दिला जातो. वजनाचंही गणित आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या कारागिराच्या नावावर एक नियम सांगतात: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. ३० ग्रॅमला ९६ ने गुणलं तर २.८८ किलो. यापेक्षा हलकी बंदूक खांदा फोडते, फार जड बंदूक उडत्या तित्तरामागे वेळेवर वळत नाही.

शेवटचं, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित: काडतुसाची जागा. पुष्कळ जुन्या इंग्लिश दुनळ्यांची चेंबर अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. ७० चं काडतूस ६५ च्या जागेत आरामात बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. बसतं म्हणून चालतं, असं मात्र नाही. उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. आपल्याकडे मिळणारी ‘शक्तिमान’ काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ चा. खोक्यावर लिहिलेली लांबी आणि नळीवर कोरलेली लांबी जुळवून पाहणं हे दोन मिनिटांचं वाचन आहे, आणि त्यावर दोन्ही हात आणि डोळे अवलंबून असतात.

गोष्टीतली बंदूक

आता शिकारकथांकडे येऊ. त्यांच्यात बंदुकीचं नाव अभिमानाने येतं, अंतर क्वचित येतं. ‘बार काढला आणि जनावर कोसळलं’ या वाक्यात दोन क्रियापदं आहेत आणि मधलं सगळं गाळलेलं आहे. किती मीटरवर? कोणत्या छर्ऱ्याने? लगेच पडलं की माग काढावा लागला? जखमी झालेलं आणि न सापडलेलं जनावर तर कथेत येतच नाही, कारण त्याचं शिंग भिंतीवर नसतं. ज्या कथेत चुकलेला बार नाही, त्या कथेवर माझा विश्वास बसत नाही. ४० यार्डांचं हत्यार ८० यार्डांवर चालवणारा शिकारी आणि न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगणारा लेखक हे एकाच घरातले.

जिम कॉर्बेटचं उदाहरण घ्या. ‘जंगल लोअर’ या १९५३ च्या पुस्तकात तो आपल्या लहानपणच्या बंदुकीबद्दल सांगतो. ठासणीची दुनळी, उजवी नळी फाटलेली, दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधलेल्या. त्याचा मोठेपणा त्या मोडक्या बंदुकीचं कौतुक करण्यात नाही, ती काय करू शकत नाही हे सांगण्यात आहे. एक नळी निरुपयोगी आणि दुसरी पुन्हा भरायला वेळ लागणारी. त्यामुळे जवळ जाणं, थांबणं, वाट बघणं भाग होतं. जंगलाची भाषा त्याला यायला या मर्यादेचाही हात लागला असणार. वाचकाला आजही तेच भावतं.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. परभणी तेव्हा त्याच संस्थानाचा भाग. त्या काळात अशा पाहणीत पक्षी टिपून त्यांची कातडी जतन करत, आणि टिपायला बंदूकच लागे. पण संग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: जागा, तारीख, नर की मादी. मारलेल्या प्रत्येक जिवाचा हिशेब. आपल्या वाड्यांतल्या शिंगांना अशी चिठ्ठी नाही. कोणत्या माळावरचं काळवीट, कोणत्या सालचं, काही नाही. एकाने बंदुकीतून ज्ञान उभं केलं, दुसऱ्याने शोभा.

मराठीत हा प्रवास व्यंकटेश माडगूळकरांमध्ये दिसतो. ते शिकारी होते, आणि पुढे त्याच नजरेने त्यांनी नुसतं पाहिलं. वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकाऱ्याचा संयम, वाऱ्याची दिशा, दबकून बसणं हे सगळं त्यात आहे, बार तेवढा नाही. मला ते शिकारकथेचंच पुढचं आणि चांगलं रूप वाटतं.

आणखी एक गोष्ट या कथा गाळतात. हाकारे. ओढ्यातून डबे वाजवत काटेकुटे तुडवत जाणारी माणसं. त्यांना नाव नसतं. माग काढणारा पारधी असला तर त्याला ‘आमचा पारधी’ एवढंच म्हटलं जातं. ज्याच्याकडे परवान्याची दुनळी तो शिकारी, आणि ज्याच्याकडे घोड्याच्या केसांचा फास तो गुन्हेगार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला, तो कागदावरून पुसायला १९५२ उजाडावं लागलं. तित्तर तोच, माळ तोच. हत्यार बदललं की कृत्याचं नाव बदललं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळत आणली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही बंद झाली. कायदा योग्यच होता. पण एकाचा छंद गेला आणि दुसऱ्याचं पोट गेलं, हा फरक आपल्या शिकारी आठवणींत कुठेच नोंदलेला नाही.

दोनच ठेवायच्या

आता प्रश्न आजचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन ठेवता येत. वारसाने आलेल्या बंदुकांनाही हीच मर्यादा. दोनपेक्षा जास्त ज्यांच्याकडे होत्या, त्यांनी उरलेल्या पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या होत्या. म्हणजे ‘संग्रह’ हा शब्द सामान्य माणसापुरता दोनवर येऊन थांबला. विदेशी बंदुकांची सर्रास आयात १९८० च्या दशकातच थांबली होती, त्यामुळे जुन्या इंग्लिश दुनळीची किंमत तिच्या गुणापेक्षा दुर्मिळतेवर ठरते. नवी घ्यायची तर मुंगेर किंवा जम्मूच्या कारखान्यांतली देशी दुनळी आहे.

अशा वेळी घरातल्या नातवाने किंवा नातीने काय ठेवावं? माझं मत सरळ आहे. नक्षी आणि नाव बाजूला ठेवा. जिचे शिक्के वाचता येतात, जिच्या नळ्या शाबूत आहेत, जिचं काडतूस मिळतं आणि जी तुमच्या अंगाला बसते, ती ठेवा. हे सगळं परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. आणि जी ठेवणार ती कशासाठी, हे आधी ठरवा.

खेळासाठी असेल तर मार्ग मोकळा आहे. बिकानेरच्या करणी सिंह यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य. महाराष्ट्राने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले, पण ही सगळी नावं रायफल आणि पिस्तुलाची. मातीच्या तबकड्यांवर चालणारी दुनळी अजून आपली झालेली नाही. तिथे एकावर एक नळ्या असलेली, वजनदार बंदूक लागते आणि काडतुसात २४ ग्रॅम छर्रे. आजोबांची हलकी आडवी दुनळी तिथे मागे पडेल, हे माहीत असलेलं बरं.

शेतीसाठी असेल तर गोष्ट अवघड आहे. तुरीत रोही शिरतो, भुईमुगात डुकरं शिरतात, रात्रभर जागून माणूस मेटाकुटीला येतो. कायद्यात पिकांचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून परवानगी मिळण्याची तरतूद आहे, तिच्याशिवाय बार काढणं गुन्हा आहे. पण परवानगी मिळाली तरी पल्ला वाढत नाही. एल.जी.च्या काडतुसात बोटांवर मोजण्याइतक्याच गोळ्या असतात. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, ६०-७० मीटरवर घोड्याएवढ्या रोह्यावर काढलेला बार बहुतेक वेळा त्याला मारत नाही, पोटात शिसं घेऊन पुढच्या शिवारात पाठवतो. शेतकऱ्याचा राग खरा आहे. म्हणूनच त्याच्या हातात दिलेल्या हत्याराची मर्यादा त्याला कुणीतरी खरी सांगितली पाहिजे. भिंतीवरच्या दुनळीने आणि तिच्या गोष्टींनी ती आजवर सांगितलेली नाही.

आणि जी बंदूक जमा करायची, तिच्याबरोबर तिची गोष्ट जमा करू नका. परवान्याच्या पुस्तकात बंदुकीचा प्रकार असतो, नंबर असतो, काडतुसांची संख्या असते. कुणी कुठून आणली, कुणाच्या खांद्यावर चालली, कुणी हाका घातला, काय मारलं, काय जखमी होऊन गेलं, यासाठी रकाना नसतो. घरात अजून ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर मोबाईलवर रेकॉर्डर लावा आणि विचारा. किती लांबून, हे आवर्जून विचारा. उत्तर द्यायला ते किती थांबतात, तेही नोंदवा.